संग्राह्य सुपरहिरो ॲक्शन फिगर्सचे मूल्यमापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे १९७० च्या दशकापासून आजपर्यंत कारखान्यात घाऊक प्रमाणात तयार झालेल्या सुपरहिरो फिगर्सना लागू पडतात. रेझिनचे पुतळे, हाताने घडवलेले एकेकटे नमुने आणि चित्रीकरणात प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तू यांचे निकष वेगळे असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मूल्यमापन करायचे म्हणजे नेमके काय ठरवायचे?

तीन गोष्टी ठरवायच्या, आणि त्याही याच क्रमाने: हातातली वस्तू नेमकी कोणती आहे, ती किती पूर्ण व कोणत्या स्थितीत आहे, आणि अगदी तशाच वस्तूसाठी अलीकडे कोणी प्रत्यक्ष किती पैसे मोजले आहेत. बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसऱ्या प्रश्नाला हात घालतात. पात्राचे नाव टाकून शोध घेतला जातो, समोर येणारा सर्वांत मोठा आकडा आपल्याच फिगरचा मानला जातो आणि पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर उभे राहतात. एकट्या स्पायडर-मॅनच्या किंवा बॅटमॅनच्या शेकडो फिगर्स निघालेल्या आहेत. त्यांतली आपली कोणती, हे ठरल्याशिवाय किमतीचा विचार करण्यात अर्थ नाही.

माझ्याकडची फिगर कोणत्या कंपनीची आणि कोणत्या मालिकेतली आहे, हे कसे ओळखावे?

सुरुवात उंचीपासून करावी, कारण उंचीवरून निम्म्या शक्यता लगेच बाद होतात. आठ इंच उंचीची, कापडी पोशाख घातलेली आणि पोशाखाखाली साधे प्लास्टिकचे शरीर असलेली जुनी फिगर असेल, तर ती मेगो कंपनीच्या १९७२ साली सुरू झालेल्या मालिकेतली असण्याची शक्यता मोठी आहे. साधारण पाच इंची, पाय दाबले की हात आणि हात दाबले की पाय हलतात अशी यंत्रणा पोटात बसवलेली फिगर बहुधा केनरच्या १९८४ ते १९८६ या काळातल्या सुपर पॉवर्स मालिकेतली असते. त्याच सुमारास मॅटेलने सीक्रेट वॉर्स मालिका काढली. तिच्या फिगर्सचे सांधे मोजके असून सोबत एक गोल ढाल आणि त्या ढालीत बसणाऱ्या, हलवल्यावर चित्र बदलणाऱ्या चकत्या मिळत. १९९० पासून टॉय बिझने मार्व्हलची पात्रे मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली आणि २००२ मध्ये सहा इंची मार्व्हल लेजेंड्स सुरू केली, जी २००७ पासून हॅस्ब्रोकडे आहे. डीसीच्या पात्रांची सात इंची मालिका मॅकफार्लेन टॉइजने २०२० मध्ये सुरू केली. एक फूट उंचीच्या, म्हणजे एकास सहा प्रमाणातल्या, खऱ्या कापडाचे पोशाख असलेल्या महागड्या फिगर्समध्ये हाँगकाँगच्या हॉट टॉइजचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

उंचीनंतर ठसे पाहावेत. ते पाठीवर, पायाच्या तळव्यावर, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा केपखाली मानेवर असतात. बारीक अक्षरे वाचण्यासाठी वरून उजेड टाकण्याऐवजी बाजूने तिरका टाकावा, म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडून मजकूर स्पष्ट वाचता येतो.

शरीरावर १९७४ असा ठसा आहे. मग फिगर १९७४ सालची समजावी का?

तसे समजू नये. ठशातले वर्ष हे साच्याच्या किंवा शिल्पाच्या हक्काचे, म्हणजे कॉपीराइटचे असते, उत्पादनाचे नसते. मेगोच्या सुधारित शरीरावर रोमन अंकांत १९७४ हे वर्ष कोरलेले असते आणि तेच शरीर पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या पात्रांसाठी वापरले गेले. त्याआधीच्या शरीराच्या कोपरांत आणि गुडघ्यांत धातूच्या खिळी असत, नंतरच्या शरीरात त्या प्लास्टिकच्या झाल्या. काळ ठरवायला वर्षाच्या ठशापेक्षा अशा बांधणीतल्या फरकांचा उपयोग अधिक होतो. डोक्यावरचे वर्ष आणि धडावरचे वर्ष वेगवेगळे असले तरी लगेच संशय घेण्याचे कारण नाही, कारण दोन्ही भागांचे साचे वेगळ्या वेळी तयार झालेले असतात.

जितकी जुनी तितकी मौल्यवान, हे खरे आहे का?

वयाचा आणि किमतीचा संबंध आहे, पण लोक समजतात तितका घट्ट नाही. १९९० च्या दशकात अनेकांनी पुढे भाव येईल म्हणून सुपरहिरो फिगर्स न उघडता साठवल्या. कंपन्यांनीही त्या प्रचंड संख्येने काढल्या. परिणामी त्या काळातल्या टॉय बिझच्या बहुतेक फिगर्स आजही सीलबंद अवस्थेत मुबलक मिळतात आणि तीस वर्षे उलटूनही त्यांना फारसा भाव येत नाही. याउलट, मालिका संपत आलेली असताना कमी संख्येने निघालेली फिगर, ठरावीक प्रदेशातच विकली गेलेली फिगर, किंवा उत्पादनाच्या मध्येच बदललेला सुरुवातीचा प्रकार यांना मागणी टिकून राहते.

सीक्रेट वॉर्स मालिकेतले इलेक्ट्रो, आइसमॅन आणि कन्स्ट्रिक्टर हे युरोपातच विकले गेले, म्हणून त्याच मालिकेतल्या कॅप्टन अमेरिकाच्या तुलनेत त्यांची किंमत कितीतरी अधिक असते. सुपर पॉवर्समधला सायबॉर्ग हा शेवटच्या टप्प्यातला. त्याचे चकचकीत धातुसदृश भाग सहज झिजतात आणि हाताला जोडायची सुटी अवजारे हरवतात, त्यामुळे मुळातच कमी असलेल्या संख्येतली पूर्ण व न झिजलेली फिगर आणखीच दुर्मीळ होते. मेगोच्या बॅटमॅनचा सुरुवातीचा मुखवटा डोक्यावरून काढता येत असे. पुढे तो डोक्यावरच घडवलेला आणि रंगवलेला आला. काढता येणारा मुखवटा मूळचा असेल तर मूल्य लक्षणीय वाढते, आणि नेमक्या त्याच कारणाने त्या मुखवट्याच्या नकलाही निघालेल्या आहेत.

दुर्मीळपणाला मागणीची जोड मात्र लागतेच. जे पात्र कोणालाच नको आहे, त्याची एकच प्रत जगात उरली असली तरी ग्राहक मिळेलच असे नाही.

पाकिटाबाहेरच्या, म्हणजे लूज फिगरची स्थिती कशी तपासावी?

फिगर दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावी. पहिली नजर रंगकामावर टाकावी आणि तीही उंचवट्यांवर: नाकाचे टोक, भुवया, छातीवरचे चिन्ह, मुठींची पेरे, बुटांची टोके. खेळताना रंग सर्वांत आधी तिथेच उडतो. खोलगट भागातला रंग ताजा आणि उंचवट्यांवरचा झिजलेला असेल तर ती झीज नैसर्गिक आहे. उंचवट्यांवरचा रंगच अधिक ताजा, किंचित जाड किंवा वेगळ्या चकाकीचा दिसला तर कोणीतरी हात फिरवला आहे, असे समजायला हरकत नाही. शंका आल्यास अतिनील टॉर्चखाली पाहावे. नंतर लावलेला रंग आणि गोंद पुष्कळदा मूळ पृष्ठभागापेक्षा वेगळा चमकतो. हा अंतिम पुरावा नव्हे, पण कुठे बारकाईने पाहायचे हे त्यातून कळते.

त्यानंतर सांध्यांकडे वळावे. फिगर आधाराशिवाय उभी राहते का, वर उचललेला हात वरच राहतो का, मान स्वतःच्या वजनाने कलते का, हे पाहावे. सांध्याभोवती प्लास्टिक पांढुरके झाले असेल तर तिथे ताण आलेला असून पुढे तडा जाण्याचा धोका आहे. घट्ट बसलेला सांधा जोर लावून फिरवू नये. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवल्यास तो बहुधा सुटतो, मात्र कापडी पोशाखाच्या किंवा कागदी लेबल लावलेल्या फिगरसाठी हा उपाय नाही. मेगोसारख्या फिगर्समध्ये हातपाय आतल्या इलॅस्टिकने जोडलेले असतात. ते सैल पडले म्हणजे अवयव लोंबकळतात. इलॅस्टिक बदलता येते, पण बदलल्याचे विकताना सांगावे लागते. सुपर पॉवर्समध्ये आतली यंत्रणा चालते का ते हलक्या हाताने तपासावे आणि समाधान झाले की थांबावे. दहा वेळा दाबून बघणारा ग्राहक विक्रेत्याला आवडत नाही, आणि त्यात विक्रेत्याचे चुकत नाही.

पांढरे व फिके भाग पिवळे पडले आहेत का, दोन्ही पायांची छटा सारखी आहे का, बोटे व कान शाबूत आहेत का, चावल्याच्या खुणा आहेत का, हेही पाहावे. वासाकडे दुर्लक्ष करू नये. धुराचा किंवा बुरशीचा वास कापडातून सहजासहजी जात नाही.

सुट्या वस्तूंना एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण फिगर टिकते आणि सुट्या वस्तू हरवतात. ॲक्वामॅनचा त्रिशूळ, पेंग्विनची छत्री, वंडर वूमनचा दोर, मेगोच्या बॅटमॅनचा कंबरपट्टा आणि हातमोजे अशा वस्तू खेळण्याच्या पहिल्या काही महिन्यांतच नाहीशा झालेल्या असतात. म्हणून चांगल्या स्थितीतली पण अपूर्ण फिगर आणि तीच पूर्ण फिगर यांच्या किमतीतला फरक कित्येकदा त्या सुट्या वस्तूच्या एकटीच्या किमतीएवढा असतो. 'पूर्ण' याचा अर्थ प्रत्येक फिगरसाठी वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे. सुपर पॉवर्समधल्या फ्लॅशसोबत सुटी वस्तू येतच नव्हती, त्यामुळे त्याच्या हातात काही नाही म्हणून भाव पाडून मागणाऱ्याला शांतपणे तसे सांगावे.

खरी अडचण पुनर्निर्मित भागांची आहे. जुन्या फिगर्ससाठी केप, बूट, पट्टे, चिन्हे आणि हत्यारे आज नव्याने बनवून विकली जातात. प्रामाणिक निर्माता तसे स्पष्ट लिहितो. पण दोनतीन हातांतून गेल्यावर ही माहिती गळून पडते आणि नवा भाग मूळचा म्हणून विकला जातो. ओळखण्यासाठी मूळ भागाशी शेजारीशेजारी ठेवून तुलना करण्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही. कापडाची वीण, काठाची शिवण, गळ्याजवळच्या चापाचा आकार, प्लास्टिकची लवचिकता आणि साच्याच्या जोडरेषेची जागा पाहावी. चाळीस वर्षांपूर्वीच्या फिगरवर एखादाच भाग कोरा करकरीत असेल, तर तो मूळचा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. पुनर्निर्मित भाग लावणे गैर नाही, कपाटात मांडण्यासाठी तो उत्तम पर्याय आहे. पण मूल्यमापन करताना तो भाग नाहीच असे धरून चालावे.

सीलबंद फिगरमध्ये काय पाहायचे? आत तर हात घालता येत नाही.

सीलबंद फिगरच्या किमतीत पुठ्ठा (कार्ड) आणि ब्लिस्टर, म्हणजे फिगर झाकणारे पारदर्शक प्लास्टिकचे आवरण, यांचा वाटा मोठा असतो. पुठ्ठ्याचे कोपरे, दुमडीच्या पांढऱ्या रेषा, पाण्याचे डाग, उन्हाने उडालेले रंग आणि किमतीचे लेबल काढताना निघालेला पापुद्रा पाहावा. वर टांगण्यासाठी असलेल्या छिद्राचा तुकडा न काढलेला, म्हणजे 'अनपंच्ड' असेल तर फिगर दुकानातल्या हुकावर कधी लटकलीच नव्हती, म्हणून संग्राहक त्यासाठी जास्त पैसे देतात. खोक्यावरचे किंवा कार्डावरचे खरेदीच्या पुराव्याचे कूपन कापून घेतलेले असेल तर मूल्य बरेच खाली येते.

कार्डाची मागची बाजूही बोलते. सुपर पॉवर्सच्या कार्डांवर १२, २३ किंवा ३३ फिगर्सची चित्रे असतात आणि त्यावरून ते कार्ड मालिकेच्या कोणत्या टप्प्यात छापले गेले हे कळते. सुरुवातीच्या पात्राचे १२ चित्रांचे कार्ड आणि त्याच पात्राचे ३३ चित्रांचे कार्ड या संग्राहकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ब्लिस्टर पुन्हा चिकटवलेला नाही ना, ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. मूळ ब्लिस्टर उष्णतेने व दाबाने पुठ्ठ्याला जोडलेला असतो, त्यामुळे त्याची कड सर्वत्र सारखी बसलेली दिसते. कडेखाली गोंदाचे बुडबुडे, चकाकणारे ओघळ, फाटलेल्या छपाईवर पुन्हा बसवलेले प्लास्टिक किंवा कडेचा एखादाच भाग वेगळ्या रंगाचा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. आतल्या फिगरच्या रंगावर झीज दिसत असेल तर वेगळा पुरावा शोधण्याची गरजच उरत नाही.

बनावट फिगर कशी ओळखावी?

मूळ फिगरवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल बहुधा किंचित लहान भरते, कारण ओतलेले द्रव्य घट्ट होताना आकसते. बारीक कोरीवकाम पुसट होते, डोळ्यांची छपाई सरकलेली असते, हक्काचा ठसा गायब किंवा अस्पष्ट असतो आणि सांधे एकतर फार सैल किंवा फार कडक असतात. अलीकडच्या जपानी व हाँगकाँगच्या महागड्या फिगर्सच्या नकला बऱ्याच सफाईदार आल्या आहेत. तिथे खोक्यावरची छपाई, परवान्याचे स्टिकर आणि अधिकृत छायाचित्रांतला त्वचेचा रंग यांची काटेकोर तुलना करावी. नवी, सीलबंद आणि चालू भावाच्या एक तृतीयांश किमतीत मिळणारी फिगर खरी निघण्याची आशा बाळगू नये.

परवान्याने परदेशात निघालेल्या आवृत्त्या आणि बनावट वस्तू यांत मात्र गल्लत करू नये. अर्जेंटिनात पासिपा कंपनीने सुपर पॉवर्सच्या ग्रीन लँटर्नच्या साच्यातून रिडलर काढला होता. नवख्या माणसाला तो चुकीचा रंग दिलेला ग्रीन लँटर्न वाटेल; जाणकार त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजतात.

फिगरला अधिकृत श्रेणी, म्हणजे ग्रेड घ्यावी का?

ॲक्शन फिगर ऑथॉरिटीसारख्या संस्था फिगर तपासून १०० पैकी गुण देतात आणि ती पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. कार्डावरच्या फिगरसाठी कार्ड, ब्लिस्टर आणि फिगर यांचे उपगुणही दिले जातात, आणि एकूण गुणांपेक्षा ते अधिक काही सांगून जातात. तपासणीचे शुल्क, येण्याजाण्याचा खर्च, विमा आणि प्रतीक्षा हे सगळे धरले तर सर्वसाधारण फिगरला श्रेणी घेणे परवडत नाही. फिगर मुळातच महाग असेल, तिच्या अस्सलपणाबद्दल ग्राहकाला शंका येण्यासारखी असेल, किंवा ती दूरच्या अनोळखी ग्राहकाला विकायची असेल, तर हा खर्च भरून निघतो. संग्राहक आपसात वापरतात ती सी-१ ते सी-१० ही मोजपट्टी मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या नजरेवर चालते. विक्रेत्याचा सी-९ हा ग्राहकाचा सी-७ असणे हा रोजचा अनुभव आहे.

चालू किंमत कशी शोधावी?

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतला फरक हा या संपूर्ण विषयाचा कणा आहे. विक्रीच्या संकेतस्थळावर कोणीही कोणताही आकडा लिहू शकतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. म्हणून केवळ पूर्ण झालेल्या विक्रीचे व्यवहार दाखवणारी सोय वापरावी, आपल्या फिगरच्याच आवृत्तीचे, तितक्याच पूर्ण आणि तशाच स्थितीतले व्यवहार निवडावेत, आणि त्यांतले अगदी वरचे व अगदी खालचे आकडे बाजूला ठेवून मधला पट्टा धरावा. पाठवणावळ किमतीत धरली आहे की नाही हेही पाहावे, कारण मोठ्या खोक्याच्या बाबतीत ती रक्कम लहान नसते.

व्यवहाराची तारीखही तितकीच महत्त्वाची. एखाद्या पात्रावर चित्रपट किंवा मालिका जाहीर झाली की त्याच्या फिगर्सचे भाव चढतात आणि प्रदर्शनानंतर पुष्कळदा उतरतात. त्या चढत्या आठवड्यांतले व्यवहार प्रमाण मानून केलेले मूल्यमापन सहा महिन्यांत शिळे होते. गेल्या वर्षभरात एकही व्यवहार सापडला नाही तर त्याच मालिकेतल्या, तशाच दुर्मीळ पात्राच्या व्यवहारांवरून अंदाज बांधावा आणि तो अंदाजच आहे असे लिहून ठेवावे.

नवी आवृत्ती बाजारात आली की जुनीची किंमत पडते का?

आधुनिक फिगरची बहुधा पडते. पाच वर्षांपूर्वीची सहा इंची फिगर केवळ त्या पात्राची दुसरी चांगली फिगर नव्हती म्हणून महाग झालेली असेल, तर अधिक सांधे आणि सफाईदार चेहरा असलेली नवी आवृत्ती येताच तिचा भाव उतरतो. जुन्या काळातल्या फिगर्सवर हा परिणाम कमी होतो. मॅकफार्लेनने २०२२ मध्ये सुपर पॉवर्सच्या धर्तीवर नव्या फिगर्स सुरू केल्या, पण केनरची मूळ फिगर हवी असलेल्याचे त्यांनी समाधान होत नाही.

तुकड्यातुकड्यांनी जोडायच्या मोठ्या फिगरचे मूल्य कसे धरावे?

टॉय बिझने २००५ साली मार्व्हल लेजेंड्सच्या गॅलॅक्टस संचापासून ही पद्धत रूढ केली: प्रत्येक फिगरच्या पाकिटात मोठ्या फिगरचा एक अवयव. अशा संचातली सीलबंद फिगर म्हणजे ती फिगर अधिक तो अवयव. लूज फिगर विकताना अवयव सोबत आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. संचात नको असलेल्या पात्रासोबत नेमके धड किंवा डोके दिलेले असेल तर त्या पात्राची किंमत अवयवावरच ठरते.

फिगर चिकट किंवा पिवळी झाली आहे. स्वच्छ केल्याने मूल्य वाढेल का?

मऊ पीव्हीसीमध्ये लवचिकता आणण्यासाठी मिसळलेले द्रव्य काळाने पृष्ठभागावर येते, म्हणून फिगर चिकट लागते. बंद पिशवीत आणि उष्ण जागी ही क्रिया वाढते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी चिकटपणा तात्पुरता जातो. ॲसिटोन कधीही वापरू नये, कारण ते एबीएस प्लास्टिक विरघळवते. अल्कोहोलही रंग उचलू शकते. पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने कमी करता येतो, पण तो परत येऊ शकतो आणि प्लास्टिक ठिसूळ होण्याचा धोका राहतो. अशी प्रक्रिया केलेली फिगर विकताना ती लपवणे म्हणजे फसवणूकच. पुन्हा रंगवण्याच्या भानगडीत तर पडूच नये. झिजलेल्या मूळ रंगाला जी किंमत येते, ती नव्याने रंगवलेल्या फिगरला येत नाही.

साठवताना थेट ऊन, माळ्यावरची उष्णता आणि तळघरातली ओल टाळावी. मऊ रबरी वस्तू कडक प्लास्टिकला चिकटून ठेवल्यास कडक प्लास्टिकवर वितळल्यासारखे व्रण उठतात, म्हणून केप आणि हत्यारे वेगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत ठेवावीत. एकास सहा प्रमाणातल्या फिगर्सवरचे नकली चामडे हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत सोलवटू लागते आणि त्यावर कायमचा इलाज नाही. अशी फिगर घेताना कोपराच्या व गुडघ्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात.

संग्रह एकत्र विकावा की एकेक करून?

एकेक विकल्यास एकूण रक्कम जवळजवळ नेहमीच अधिक येते, पण छायाचित्रे, पत्रव्यवहार, बांधणी आणि परतावे यांत महिने जातात. एकगठ्ठा घेणारा व्यापारी पुढे विकून नफा मिळवायचा असल्याने किरकोळ भावापेक्षा बरीच कमी रक्कम देतो, आणि ते रास्तही आहे. सोयीचा मार्ग असा की संग्रहातल्या मोजक्या भारी फिगर्स ओळखून त्या वेगळ्या विकाव्यात आणि उरलेल्यांचे मालिकेनुसार गठ्ठे करावेत. डब्याच्या तळाशी पडलेल्या बेवारस सुट्या वस्तू मात्र गठ्ठ्यात फुकट जाऊ देऊ नयेत. त्यांतला प्रत्येक पट्टा, चकती आणि छत्री कोणत्या फिगरची आहे हे ओळखल्यावरच यादी पक्की करावी.